मी पडलो तर?

एका जंगलाच्या दक्षिण टोकाला, झाडी संपून खडक सुरू होतात तिथे, मुंगसांची एक पलटण राहत असे. त्या खडकांत साप फार. ते जंगलात शिरू नयेत म्हणून ही पलटण उन्हापावसात सरहद्दीवर उभी असे. याच पलटणीतले एक मुंगूस वय झाल्यावर जंगलात परत आले. पाठीवर जुन्या जखमांचे व्रण, चालणे ताठ, बोलणे तुटक. सगळे त्याला सुभेदार म्हणत. मुलांनो, आपणही सुभेदारच म्हणू, कारण दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नसत.

त्या पलटणीत एक रीत होती. कामगिरीवर निघण्याआधी नायक सगळ्यांना जवळ बोलावी आणि विचारी, "मी पडलो तर?" उत्तर द्यायचे ते सर्वांत नव्या शिपायाने. कुठे जायचे, कोणत्या वाटेने जायचे, नायकाच्या जागी कोणी उभे राहायचे आणि पडलेल्याला न्यायला परत कोणी यायचे, हे त्याने घडाघडा सांगितले तरच पलटण हलायची. अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. सुभेदार स्वतः नवे शिपाई होते तेव्हा त्यांचा नायक एकदा खरोखरच पडला. धुरळा उडालेला, चहूकडून फूत्कार, कोणाला काही सुधरेना. त्या वेळी सकाळी पाठ म्हटलेले उत्तरच सुभेदारांच्या तोंडून आपोआप बाहेर आले आणि सगळी पलटण, पडलेल्या नायकासकट, घरी पोचली.

आता घरी आलेल्या शिपायाला रिकामे बसवत नाही. उन्हाळ्यात जंगलातले ओढे आटत. बारमाही पाण्याचा एकच डोह होता, तोही सड्याच्या पलीकडे. सडा म्हणजे उघडा काळा कातळ, त्यावर झाड ना झुडूप. वर ससाणा घिरट्या घाली आणि कडेला पोचल्यावर खाली उतरायला घळी दिसत. त्यांतली एकच पाण्यापर्यंत जाई. बाकीच्या कुठे कड्यावर संपत, कुठे सापांच्या बिळांत. लहान प्राणी तहानेने जंगलातच झुरत किंवा सड्यावर जाऊन परतत नसत. सुभेदारांना ती घळ ठाऊक होती. त्यांनी ठरवले की आपण वाटाड्याचा धंदा काढायचा. कुटुंबेच्या कुटुंबे डोहावर न्यायची, आणि त्यांनी खुशीने द्यावेत ते कंद नि दाणे घ्यायचे.

भागीदार म्हणून एक साळिंदर आले. ते व्यवहाराला पक्के होते, गिऱ्हाईक जमवण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. रांगेच्या शेवटी चालायला एक खार ठेवली. ती तोंडाने तिखट होती, पण कामाला चोख.

पहिल्या खेपेला सुभेदारांनी सवयीप्रमाणे सगळ्यांना गोळा केले, पलटणीची रीत सांगितली आणि खारीकडे बघून विचारले, "मी पडलो तर?" खार बावचळली. ती काही बोलणार आणि सुभेदार तिला उत्तर शिकवणार, एवढ्यात साळिंदराने त्यांना बाजूला ओढले.

"सुभेदार, निघताना असं अभद्र बोलतात का?" ते म्हणाले. "तोंड गोड करून निघायची वेळ, आणि तुम्ही पडायच्या गोष्टी काढता. ती म्हातारी घूस ऐकून माघारी वळली होती, मी कसंबसं थांबवलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शिवाय वाट सगळ्यांना पाठ झाली तर उद्या आपल्याला विचारणार कोण? ती तुमच्या एकट्याच्या डोक्यात राहू दे. आणि खरं सांगू, तुमच्यासारखे पडतात होय?"

सुभेदार घुटमळले. पलटणीत हा प्रश्न अभद्र आहे असे कोणाला कधी वाटले नव्हते. पण इथे पलटण नव्हती, गिऱ्हाईक होते. आणि साळिंदराचे शेवटचे वाक्य ऐकून कोणाच्याही मिशा ताठ झाल्या असत्या. सुभेदारांच्याही झाल्या. प्रश्न त्या दिवशी बंद पडला तो पडलाच.

बाकी पलटणीतले सगळे मात्र सुभेदारांनी जपले. एकामागे एक रांग. रांगेत बोलायचे नाही. सुभेदारांचा हुकूम झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आणि कोणाला वाट ध्यानात राहू नये म्हणून एक नवा हुकूम साळिंदराने सुचवला, की प्रत्येकाने पुढच्याच्या शेपटीवर नजर ठेवायची, इकडेतिकडे बघायचे नाही. गिऱ्हाईक यावर बेहद्द खूश झाले. शिस्त असावी तर अशी, असे जो तो म्हणू लागला. एकदा खारीने विचारून पाहिले की मी इतक्या खेपा करते, मला तरी घळ कुठली ते कळायला नको का? सुभेदारांनी तिला तुझे काम शेपूट सांभाळण्याचे, असे सांगून गप्प केले. मला विचाराल तर हा खोबरे टाकून करवंटी जपण्यातला प्रकार होता. पण धंदा जोरात चालला असताना असले बोलणे कोणाच्या कानांत शिरत नाही.

वैशाख निम्मा सरला आणि जंगलातली शेवटची डबकीही आटली. त्या सकाळी सड्याच्या काठावर एवढी मोठी रांग लागली की सुभेदारांनाही वळून बघावे लागले. सशांची कुटुंबे होती, म्हातारी घूस होती, पिल्लांना घेऊन आलेली लावी होती. लावीची पिल्ले अजून उडत नव्हती. या खेपेला साळिंदरही बायकोपोरांना घेऊन रांगेत उभे होते, कारण त्याच्या बिळाजवळचा झराही सुकला होता. एरवी ते काठावरूनच सगळ्यांना निरोप देऊन मागे फिरत असे. सुभेदारांनी हुकूम दिला आणि रांग कातळावर चालू लागली.

सड्याच्या मध्यावर एक मोठा धोंडा आहे. तिथवर पोचताना सुभेदारांचे नाक एकदम फुलले. त्यांनी पुढचा पाय वर केला. "थांबा. मी सांगेपर्यंत कोणी पाय हलवायचा नाही."

धोंड्याच्या सावलीत घोणस जातीचा साप वेटोळे घालून पडला होता. तो पुढे सरकला असता तर रांगेतली पहिली पिल्ले त्याच्या तोंडात होती. सुभेदारांनी विचार केला नाही, थेट झेप घेतली. म्हातारपण असले तरी दात शिपायाचे होते. साप मेला, पण मरताना त्याने सुभेदारांच्या जबड्याला दंश केला. मुंगसाला सापाचे विष चढत नाही असे लोक म्हणतात. ते तितकेसे खरे नाही. कमी चढते, एवढेच. सुभेदार दोन पावले चालले आणि धोंड्याला टेकून खाली बसले. त्यांचा जबडा सुजला, जीभ जड झाली. त्यांनी हुकूम द्यायला तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही.

आणि रांग उभीच राहिली.

हुकूम तसाच होता ना! सुभेदार सांगेपर्यंत पाय हलवायचा नाही, नजर पुढच्याच्या शेपटीवर. मागच्या निम्म्या रांगेला तर काय झाले हेही ठाऊक नव्हते. ऊन चढत होते. कातळ तापू लागला तशी लावीची पिल्ले एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागली. वर आकाशात एक ठिपका फिरत होता. तो हळूहळू खाली येत होता, पण वर बघायचा हुकूम नव्हता, म्हणून कोणी वर बघितले नाही.

कातळावरून एक सावली सर्रकन गेली. लावी किंचाळली. तिची पिल्ले पुन्हा स्थिर झाली तेव्हा त्यांत एक कमी होते. तिच्या पुढचा ससा अजूनही त्याच्या पुढच्या सशाच्या शेपटीकडे बघत होता. मुलांनो, हे सांगताना मला आजही राग येतो. कोणाचा, ते तुम्हीच ठरवा.

किंचाळी ऐकली आणि खारीने हुकूम मोडला. रांगेच्या टोकापासून धावत ती पुढे आली, तिने सुभेदारांना पाहिले आणि तिला सगळे कळले. तिने सगळ्यांना धोंड्याच्या सावलीत ओढले. सावली आखूड होती, सगळे मावत नव्हते, आणि ऊन चढेल तशी ती आणखी आखडणार होती. ससाणाही परत येणारच होता.

सगळ्यांनी साळिंदराकडे पाहिले. भागीदार तेच होते. पण त्याने घळ कधी पाहिलीच नव्हती, आणि पाहावी असे कधी वाटलेही नव्हते. तरी एवढे डोळे लागल्यावर नाही म्हणणे त्याला जमले नाही. समोर, सड्याच्या कडेला, एका रुंद घळीचे तोंड दिसत होते. एवढी मोठी, म्हणजे हीच, असे म्हणून ते आपल्या पोरांसकट तिकडे निघाले. खारीने त्याला अडवले आणि आधी एकट्याने जाऊन बघायला सांगितले. साळिंदर कुरकुरत पुढे गेले. घळीच्या तोंडाशी त्याचा पाय घसरला, काही दगड खाली सुटले. ते दगड पडल्याचा आवाज आलाच नाही. साळिंदर परत आले तेव्हा त्याचे काटे एकमेकांवर खडखडत होते. त्याने पोरांना पोटाशी धरले.

खार सुभेदारांजवळ गेली. त्यांचे डोळे उघडे होते, सगळे समजत होते, फक्त बोलता येत नव्हते. पहिल्या खेपेचा तो अर्धवट राहिलेला प्रश्न तिला आठवला.

"सुभेदार, तुम्ही पडलात," ती म्हणाली. "आता?"

सुभेदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. साप चावला तेव्हा ते रडले नव्हते.

"मी बोलते," खार म्हणाली. "बरोबर असेल तर शेपूट आपटा."

तिने स्वतःच सुरुवात केली. उतरताना दर खेपेला तिच्या शेपटीला काटे लागत. म्हणजे घळीच्या तोंडाशी काटेरी झुडूप आहे, करवंदीची जाळी असेल. सुभेदारांची शेपटी कातळावर आपटली. मग तिने बाकीच्यांना विचारले. नजर शेपटीवर होती हे कबूल, पण कान, नाक, पाय तर तुमचेच होते ना? आधी कोणाला काही आठवेना. मग म्हातारी घूस, जी या वाटेने पूर्वी येऊन गेली होती, हळूच म्हणाली की उतरण यायच्या आधी कातळ संपून पायाला भुसभुशीत माती लागते. शेपटी आपटली. एका सशाला आठवले की पाठीवरचे सकाळचे ऊन मधेच डाव्या कानावर येते. म्हणजे इथून डावीकडे वळायचे. पुन्हा शेपटी आपटली. प्रत्येकाजवळ वाटेचा एकेक तुकडा होता. इतके दिवस तो कोणी मागितलाच नव्हता.

खार धोंड्यावर चढली. डावीकडे तिला करवंदीच्या दोन जाळ्या दिसल्या, एक जवळ, एक लांब. वर ठिपका पुन्हा आला होता.

"जवळची?" तिने खाली वाकून विचारले. शेपटी हलली नाही. "लांबची?"

शेपटी वर उचलली गेली आणि पडली. ती आपटली की नुसती पडली, हे क्षणभर कोणालाच कळेना. खारीने पुन्हा विचारले. या वेळी सुभेदारांनी असेल नसेल तेवढे बळ एकवटले आणि शेपटी दगडावर वाजली.

"लांबच्या जाळीमागची घळ," खार उत्तर म्हणू लागली, पलटणीतले शिपाई म्हणत तसे. "डावीकडे वळायचं, मऊ माती लागली की जाळी. पुढे मी. मधे पिल्लं. मागे साळिंदरदादा. सगळे पाण्यावर पोचले की तुम्हाला न्यायला मी परत येणार."

पहिल्या सगळ्या वाक्यांना शेपटी वाजली. शेवटच्या वाक्याला वाजली नाही. सुभेदारांनी मान हलवली. येऊ नकोस, असे ते सांगत होते.

"ते तुम्हाला विचारलेलं नाही," खार म्हणाली. "ते रीतीतच आहे ना?"

ती निघाली. या वेळी तिने सगळ्यांना सांगितले की मान वर ठेवा, चारी बाजूंना बघा, काही दिसले तर ओरडा. ससाण्याने पुन्हा सूर मारला तेव्हा तो आधी म्हाताऱ्या घुशीला दिसला. ती ओरडताच साळिंदराने लावीची पिल्ले आपल्या पोटाखाली घेतली, आपल्या पोरांच्या शेजारी, आणि सगळे काटे उभे केले. ससाणा काट्यांच्या अगदी जवळून फडफडत वर गेला. पुढे जाळी आली, जाळीमागे अंधारी, अरुंद, कोणाला वाटही वाटू नये अशी घळ. तिच्यातून गार वारा येत होता.

सगळे पाण्यावर पोचले. सगळ्यांनी डोहात तोंडे बुडवली. खार आणि साळिंदर मात्र पाण्याला न शिवता मागे फिरले. जाताना साळिंदराने पळसाच्या पानात सुभेदारांसाठी पाणी घेतले. धोंड्याची सावली तोवर नाहीशी होत आली होती, पण सुभेदारांचा श्वास चालू होता. साळिंदराने काटे मिटवून त्यांना पाठीवर घेतले. वाटेत त्याने एकदाच तोंड उघडले. "वाट लपवायचं मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. सुभेदारांना बोलता येत असते तर ते म्हणाले असते, की तुम्ही सांगितलेत, पण ऐकणारा मी होतो.

सुभेदार वाचले. तोंड मात्र कायमचे वाकडे झाले, शब्द जड येऊ लागले. पहिला शब्द फुटला त्या दिवशी ते लावीकडे गेले. तिच्यासमोर बसून म्हणाले, "तुमचं पिल्लू सापानं नेलं नाही, ससाण्यानंही नेलं नाही. माझ्या हुकमानं नेलं." लावीने त्यांना क्षमा केली असे म्हटले नाही, आणि ते मी खोटे सांगणार नाही. ती एवढेच म्हणाली, "परत निघताना तो प्रश्न माझ्या पिल्लांना विचारा."

पाऊस लागला आणि सगळे परत निघाले. डोहाच्या काठी सगळ्यांना गोळा करून सुभेदार वाकड्या तोंडाने म्हणाले, "मी पडलो तर?" सगळ्यात धाकटे पिल्लू पुढे आले. त्याने घळ सांगितली, जाळी सांगितली, वळण सांगितले, पुढे कोण आणि मागे कोण ते सांगितले. मधे एकदा ते अडखळले, तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले. कोणी कुरकुर केली नाही. लावी ऐकत उभी होती. शेवटी पिल्लू म्हणाले, "आणि तुम्हाला न्यायला आम्ही परत येणार." सुभेदारांनी मान खाली घातली. मग ती वर करून म्हणाले, "चला."

पुढच्या उन्हाळ्यात वाट साऱ्या जंगलाला ठाऊक झाली होती. धंदा बुडेल ही साळिंदराची भीती मात्र खरी ठरली नाही. एका रांगेच्या जागी अनेक रांगा निघू लागल्या, काही खारीच्या मागे, काही सशांच्या. वाट काय, कोणीही सांगेल. पडल्यावर परत येणारे सोबती सगळीकडे मिळत नाहीत, आणि गिऱ्हाईक त्यासाठीच येई. आता तर तो प्रश्न विचारल्याशिवाय निघणे हेच त्या जंगलात अभद्र मानतात. आणि गंमत म्हणजे ही समजूत पसरवण्यात साळिंदर सर्वांच्या पुढे असते.

तात्पर्य : पलटण असो की पेढी, आपल्यावाचून सगळे अडावे यात नायकाचा मोठेपणा नाही, आपण पडलो तरी सोबती पोचतील आणि आपल्यासाठी परत येतील, एवढे त्यांना आधीच देऊन ठेवतो तोच खरा नायक.